माझ्या पडद्यावरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे धूर सोडणारी, खडखडणारी, धक्का मारल्याशिवाय जागची न हलणारी गाडी उभी राहिली असेल. तशी मी नाही. मी विजेवर चालते. मला इंजिन नाही, धूर नाही आणि आवाज तर इतका कमी, की रस्त्यात झोपलेले मांजर माझ्या येण्याने कान हलवत नाही. मलाच हॉर्न वाजवून त्याची झोपमोड करावी लागते. आमची जात तशी अलीकडची. त्यामुळे आमच्यात सहा वर्षांची गाडीसुद्धा म्हातारी ठरते.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. मोठमोठे लोखंडी हात वाकून माझे पत्रे जोडत होते आणि खरी माणसे बारीकसारीक कामे करत होती. माझी बॅटरी बसवली तो दिवस मला आठवतो. ती माझ्या पोटात, म्हणजे तुम्ही आत बसलात तर तुमच्या पायांखाली, सपाट पसरलेली असते. ती बसवणाऱ्या बाईंनी प्रत्येक स्क्रू पिळला, हात फिरवून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "झालं. हिचं काळीज आता जागेवर आहे." मग माझ्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडले. आत थेंबही आला नाही. मी पास झाले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझी पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते. चालकासमोरच्या माझ्या छोट्या पडद्यावर एक आकडा उमटतो. आता आहे एवढ्या विजेवर आणखी किती किलोमीटर जाता येईल, हे तो सांगतो. पण तो आकडा मला कुणी शिकवलेला नाही. तो माझा अंदाज असतो. पोटात वीज किती, हे मला बरोबर कळते. ती पुरेल किती, हे मात्र चालवणाऱ्यावर अवलंबून. एकच भाकरी चालत गेलेल्याला दुपारपर्यंत पुरते आणि पळत गेलेल्याला घटकाभर. म्हणून मी मागच्या काही दिवसांकडे पाहते. मला चालवणाऱ्याने वीज कशी खर्च केली ते आठवते आणि त्यावरून आकडा सांगते. थोडक्यात काय, तो आकडा निम्मा माझा असतो आणि निम्मा माझ्या चालकाचा.

माझा पहिला चालक होता वादळ.

हे त्याचे खरे नाव नव्हे. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला विकत घेतले होते आणि गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून आणण्याचे काम त्याच्याकडे होते. नमुने थंड पेटीत ठेवलेले असत. ते वेळेत पोहोचले नाहीत तर वाया जात आणि आजारी माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागे. त्यामुळे वादळाचा पाय कायम पेडलवर दाबलेला. सिग्नल सुटला की मी बाणासारखी सुटत असे आणि पुढचा सिग्नल आला की दातओठ खाऊन थांबत असे. त्याची घाई खोटी नव्हती, मित्रांनो. मी त्याला दोष देत नाही. एकदा एका लहान मुलीचे रक्त आम्ही इतके झटपट आणले, की डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाल्या, "शाब्बास गं!" वादळ उभाच होता, पण शाब्बासकी मला मिळाली. तो हसून म्हणाला, "बाई, पळवतो मी, नाव हिचं होतं."

त्याच्या घाईचा मला एक फायदाही झाला. बॅटरी काठोकाठ भरायला शेवटी शेवटी फार वेळ लागतो. वादळाला तेवढी सवड कुठली? ती भरत आली की तो वायर उपटून निघे. रोज गळ्यापर्यंत जेवणाऱ्यापेक्षा दोन घास कमी जेवणारा निरोगी राहतो, तशी माझी बॅटरी चांगली राहिली. त्याला हे ठाऊकही नव्हते.

मग प्रयोगशाळा वाढली. नमुने वाढले. माझ्या डिक्कीत पेट्या मावेनात. त्यांनी एक मोठी गाडी घेतली आणि मला जुन्या गाड्यांच्या आवारात विकून टाकले. जाताना वादळाने माझा आरसा रुमालाने पुसला, एवढेच.

आवाराच्या मालकाला सगळे हमीकाका म्हणत, कारण त्यांचे प्रत्येक वाक्य 'माझी हमी' या शब्दांनी संपे. "ही गाडी एका डॉक्टरांनी वापरलीये, माझी हमी." "पाऊस येणार नाही, माझी हमी." माझ्यावर धूळ बसली. काचेवर एक पोपटी कागद चिकटवला गेला, 'उत्तम स्थितीत'. उन्हाने तोही विटला. ग्राहक येत, पडदा सुरू करत, बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही आकडा दीडशे पाहत आणि तोंड फिरवत. मला ओरडून सांगावेसे वाटे, "अहो, हा वादळाचा आकडा आहे! माझा नाही!" पण गाडीला तोंड असते कुठे? तिला फक्त हॉर्न असतो.

एका सकाळी तिघे जण आले. एक होत्या चष्मेवाल्या ताई, त्यांचे यजमान गणिताचे मास्तर आणि मास्तरांची आई. ताई डोळे तपासून चष्मे बनवत. बरीच वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात काम केले होते. आता डोंगरापलीकडच्या शाळांतल्या मुलांचे डोळे तपासण्याचे काम त्यांना मिळाले होते. पुढच्या महिन्यापासून रोज एक शाळा. सगळ्यात लांबची शाळा जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर. काम देणाऱ्यांची अट एकच होती, की गाडी स्वतःची हवी. आणि त्यांच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीने नेमके त्याच आठवड्यात अंथरूण धरले होते. महिन्याभरात गाडी आली नाही, तर ते काम दुसऱ्या कुणाला जाणार होते.

मास्तरांचा कल नव्या गाडीकडे होता. दुकानात जाऊन त्यांनी नावही लावून ठेवले होते.

"दुसऱ्याचा टूथब्रश घेशील का तू?" ते ताईंना म्हणाले. "मग दुसऱ्याची बॅटरी कशी घ्यायची?"

"अहो, टूथब्रश चार महिन्यांनी मिळणार असेल तर तोवर मी दात घासायचे नाहीत का?" ताई म्हणाल्या. "नवी चांगलीच आहे. नाही कोण म्हणतंय? पण ती येईल चार महिन्यांनी. माझं काम आहे पुढच्या महिन्यात."

मित्रांनो, मास्तर चुकीचे बोलत नव्हते. नव्या गाडीला कंपनीची पुरी हमी असते, तिची बॅटरी ताजी असते, ती लांब पळते. ज्याला थांबणे परवडते त्याने नवी जरूर घ्यावी. ताईंना थांबणे परवडणारे नव्हते.

मास्तरांनी माझा पडदा सुरू केला. "पूर्ण भरलेली आहे आणि आकडा दीडशे. लागणार एकशे साठ. विषय संपला."

ताईंचा चेहरा पडला. हमीकाका लगबगीने पुढे आले. "मास्तर, उद्या या. आकडा वाढवून दाखवतो, माझी हमी."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले, पण ताईंनी 'उद्या येऊ' म्हटले.

ते गेल्यावर हमीकाका स्वतः माझ्यात बसले आणि मला आवारातच गोल गोल फिरवू लागले. कसे? तर गोगलगायीलाही लाज वाटेल असे. दिवे बंद, पंखा बंद, पाय जेमतेम टेकवलेला. संध्याकाळपर्यंत आम्ही फिरत होतो. शेजारच्या गाड्यांना घेरी आली असेल. मी बिचारी माझ्या स्वभावाप्रमाणे अंदाज बांधत गेले. इतक्या कमी विजेत हा माणूस इतका फिरतो, म्हणजे आपण खूप लांब जाऊ शकतो. रात्रभर मला चार्जरला लावले आणि सकाळी माझ्या पडद्यावर आकडा आला, दोनशे पासष्ट. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कालचा आकडा वादळाच्या धावपळीचा होता, आजचा हमीकाकांच्या गोल चकरांचा. या दोन्हींत मी कुठे होते?

मास्तर आले, त्यांनी आकडा पाहिला आणि गणित शिकवणारा माणूस जसा चुकीच्या उत्तराकडे पाहतो तसे हमीकाकांकडे पाहिले.

"काल दीडशे, आज दोनशे पासष्ट. गाडी रात्री तालमीत जाते का हो?"

"दाबलेली होती, मोकळी केली. माझी हमी."

"कालचं खरं असेल तर आजचं खोटं. आजचं खरं असेल तर कालचं खोटं. चला, आपण नवीच घेऊ." आणि मास्तर चालू लागले.

ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "काका, खरं सांगा. काय केलंत?"

हमीकाकांनी डोके खाजवले. मास्तरांच्या आईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या नजरेपुढे हमीकाका विरघळले. "अहो आजी, असं बघू नका. हळू फिरवली की आकडा फुगतो. सगळेच करतात." त्या वाक्याला त्यांनी हमी जोडली नाही.

"म्हणजे दोन्ही आकडे आपल्या कामाचे नाहीत," ताई म्हणाल्या. "अहो, ऐका ना. एक दिवस गाडी मागून घेऊ. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बॅटरीला यंत्र लावून बघू दे. आणि मग लांबच्या शाळेला जाऊन येऊ. माझ्या सगळ्या पेट्या घालून. काय ते समोरच दिसेल."

मिस्त्रींनी यंत्र लावले. बॅटरीत नवेपणीची जेवढी ताकद होती, त्यातली पंच्याऐंशी टक्के अजून शिल्लक आहे, असे ते म्हणाले. मास्तर 'हं' म्हणाले. त्यांचा 'हं' म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डिक्कीत भिंगांच्या पेट्या, अक्षरांचा फलक आणि चष्म्यांच्या फ्रेमा. मास्तर चालवत होते, ताई शेजारी, आई मागे. आईंना गाडी लागते. त्यामुळे वर्षानुवर्षे त्या कुठे जात नसत. पण आज त्या हट्टाने आल्या होत्या. "एवढा मोठा निर्णय तुम्ही दोघं घेणार नि मी काय घरी वाती वळत बसू?"

विजेच्या गाडीची एक खोड मास्तरांना ठाऊक नव्हती. पेडलवरून पाय उचलला की आमची चाके उलट वीज तयार करून बॅटरीत टाकतात आणि गाडी त्याबरोबर आपोआप मंदावते. पाय झटकन उचलला तर झटका बसतो. मास्तर पाय दाबत होते, उचलत होते, दाबत होते. पहिल्या काही वळणांतच मागून आवाज आला.

"अरे, पाय आहे की हातोडा? माझ्या पोटातलं सगळं वर यायला लागलंय!"

"आई, गाडीच तशी आहे."

"गाडीला नावं ठेवू नकोस. लहानपणी सायकलही अशीच चालवायचास. हळू दाब, हळू सोड. दुधाचं भांडं डोक्यावर आहे असं समज."

मास्तरांचा नाइलाज झाला. दर झटक्याला मागून 'अरे!' येई. हळूहळू पाय मऊ झाला. वळण दिसले की ते आधीच पाय सैल सोडू लागले, ब्रेक लावायची वेळच येईना. आईंनी डोळे उघडून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. आणि मला, मित्रांनो, कितीतरी दिवसांनी कुणीतरी समजून चालवत असल्यासारखे वाटले.

तरी चढ तो चढच. डोंगर सुरू झाला आणि फुगवलेला आकडा उकळत्या दुधाखालची आच काढल्यासारखा खाली बसू लागला. मास्तर रस्ता कमी आणि पडदा जास्त पाहू लागले. पंखा बंद केला. गाणी बंद केली. "जरा श्वासही कमी घ्या," ताई म्हणाल्या. कुणी हसले नाही.

लांबची शाळा डोंगरमाथ्यावर होती. तिथे पोहोचलो तेव्हा पडद्यावर आकडा होता सत्तर. परतीचा रस्ता होता ऐंशी.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "झालं गणित. दहा कमी. शाळेत विचारतो, त्यांच्या प्लगला तासभर लावू देतात का."

"नको," ताई म्हणाल्या.

"अगं, नको काय? अडकलो तर?"

"अडकलो तर आज आपण तिघं आहोत. पुढच्या महिन्यात मी एकटीच असेन. वीज गेलेली असेल, शाळा बंद झालेली असेल, तेव्हा काय करू? मला आजच कळू दे."

शाळेच्या पायरीवर बसून तिघे पाणी प्यायले. माझ्या मनाची स्थिती काय सांगू? मी वाटेत थांबले, तर ताईंचे काम माझ्यामुळे जाणार होते. वादळाबरोबर मी कितीतरी वेळा जिवावर उदार होऊन धावले होते, पण तेव्हा पळणे एवढेच माझे काम होते. आज पुरवून खर्च करायचे होते. ते पळण्यापेक्षा कठीण असते.

परतताना ताई चालवायला बसल्या. उतार सुरू झाला. ताईंनी पाय जेमतेम टेकवला होता. चाके फिरत होती आणि माझ्या पोटात थेंब थेंब वीज परत येत होती. पडद्यावर सत्तरचे बाहत्तर झाले. मग अठ्ठ्याहत्तर. मास्तर पुढे वाकले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"चाललोय पुढे आणि शिल्लक वाढतीये? हे कुठल्या गणितात बसतं?"

"उताराच्या," ताई म्हणाल्या.

"पुस्तकात शोधू नकोस रे," आई मागून म्हणाल्या. "चढताना गेलं ते उतरताना थोडं परत मिळतं. म्हातारपणी आम्हालाही असंच होतं. फक्त कुणी घाईने ब्रेक दाबायला नको."

डोंगराच्या पायथ्याशी आकडा एकशे दहा झाला होता. पुढे सपाट रस्ता. तो हळूहळू, पण प्रामाणिकपणे उतरत गेला. एक किलोमीटर गेला की एक कमी. हमीकाकांच्या आवारात शिरलो तेव्हा पडद्यावर अजून अडतीस किलोमीटर बाकी होते. तो आकडा ना वादळाचा होता, ना हमीकाकांच्या चकरांचा. तो आम्हा चौघांचा होता.

हमीकाका धावत आले. "काय मास्तर, मी म्हणालो नव्हतो?"

"तुम्ही दोनशे पासष्ट म्हणाला होतात," मास्तर म्हणाले. "गाडीने तेवढं केलं नाही. पण जेवढं लागणार होतं तेवढं केलं. तुमच्यापेक्षा गाडी खरी आहे."

"मग?" ताईंनी विचारले. त्या एका अक्षरात त्यांचा सगळा महिना अडकलेला होता.

मास्तर माझ्याभोवती एक फेरी मारून आले. टायरला पाय लावून पाहिला. मग म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच होतं, की वापरलेली नको. पण विचार केला, नवी आली तरी दुसऱ्या दिवशी ती वापरलेलीच होणार. मग ती कोण वापरतं, एवढाच प्रश्न उरतो. नव्या गाडीचं नाव काढून घेतो मी."

"आणि मला आज मळमळलं नाही," आई म्हणाल्या. "निदान येताना तरी. कुणी विचारलं नाही, पण सांगून ठेवते."

पुढच्या महिन्यात ताई एकट्या निघाल्या. पहिल्याच आठवड्यात लांबच्या शाळेची पाळी आली. दुपारी मास्तरांचा फोन आला. ताईंच्या हातात भिंग होते, समोर लहानगा पेशंट उभा होता, म्हणून फोन त्यांनी टेबलावर ठेवूनच स्पीकरवर सुरू केला. माझी खिडकी उघडी होती आणि मी वर्गाच्या बाहेरच उभी होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"आकडा किती दाखवतोय?"

"बघितला नाही हो."

"बघितला नाही? अगं, परत यायचंय ना?"

"येईन की. आत्ता या पोराला फलकावरची तिसरी ओळ दिसत नाहीये, ते बघू दे आधी. ठेवा."

त्या दिवसापासून मी स्वतःला जुनी म्हणते, पण खंत करत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस मोठे व्हाल. तुमच्या घरात अशी गाडी येईल, नवी किंवा माझ्यासारखी वापरलेली. तिला उन्हात तासन्‌तास तापत ठेवू नका. रोज काठोकाठ भरू नका आणि तळ दिसेपर्यंत रिकामीही करू नका. जुनी विकत घेत असाल तर पडद्यावरच्या आकड्यावर भुलू नका आणि त्याला घाबरूही नका. तो कुणाच्या हाताखाली तयार झाला ते विचारा, बॅटरी तपासून घ्या आणि जिथे रोज जायचे आहे तिथे एकदा नेऊन पाहा. आणि ती तुमची झाल्यावर एखाद्या दिवशी तिचा आकडा कमी दिसला, तर तिच्याकडे संशयाने पाहण्याआधी क्षणभर खाली वाकून आपल्या पायाकडे पाहा.